बारा बटणं आणि अंतर्यामी पेटी

आमच्या बटणांच्या कारखान्यात भोंगा झाल्याशिवाय कोणी मशीन सोडत नाही. त्या बुधवारी मात्र भोंग्याला चांगला अर्धा तास अवकाश असताना सगळी मशीनं थंड पडली होती आणि अख्खा कारखाना ओवणीच्या खोलीत लोटला होता. ओतकामवाले, पॉलिशवाले, पॅकिंगच्या बायका, ऑफिसातला टायपिस्ट, सगळे. मागच्या दोघांना दिसेना म्हणून ते खिडकीच्या गजांना लटकले होते. मी इथला फिटर. बंद मशीन चालू करण्याचा पगार घेतो, पण माणसंच उठून गेल्यावर पाना लावायचा कुणाला? म्हणून मीही गेलो.

खोलीच्या मधोमध टेबलावर एक लाकडी पेटी होती. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढी, कोपऱ्यांना चकचकीत पितळ. एका बाजूला भोक, समोरच्या बाजूला दुसरं भोक, कडेला पितळेची खिटी आणि वर छोटी घंटा. पेटीमागे गुरुजी बसले होते. अंगावर पांढरे कपडे, चेहऱ्यावर मंद हसू आणि आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपोआप जांभई यावी.

"ही अंतर्यामी पेटी," गुरुजी म्हणाले. "हिला डोळे नाहीत, पण ही बघते. कान नाहीत, पण ही ऐकते. तुम्ही बारा बटणं दोऱ्यात ओवा. पांढरी, काळी, मन सांगेल तशी. ती माळ हिच्या पोटातून जाऊ द्या. मन निर्मळ असेल तर घंटा वाजेल. आणि नसेल, तर बाळांनो, पेटी गप्प बसेल. हिची परीक्षा कोणीही घ्यावी. आयुष्य तरी काय असतं? दोन क्षण सुखाचे, एक दुःखाचा. दोन पावलं उजेडात, एक अंधारात. कळलं ना? दोन उजेडाची, एक अंधाराचं."

कोणाला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

हा सगळा खटाटोप एका साच्यासाठी होता. मुठीएवढा गोल पोलादी साचा, कोटाची उंची बटणं पाडायचा. सोमवारी दुपारपासून तो सामानाच्या खोलीतून नाहीसा झाला होता. त्या खोलीत एरवी फक्त ओवणीच्या सात जणींची ये-जा. मालकांना कोणीतरी या गुरुजींचं नाव सांगितलं आणि ते मंगळवारी सकाळीच हजर झाले. "आधी वास्तूची स्पंदनं बघतो," म्हणाले आणि दिवसभर ओवणीच्या खोलीत चहा पीत बसून राहिले. त्यांनी स्पंदनं किती बघितली कोण जाणे, चहा सात कप झाला.

आधी नमुना म्हणून टायपिस्टाला पुढे बोलावलं. त्याने घाईघाईत कशीही बटणं ओवली. माळ एका भोकातून आत गेली, दुसऱ्यातून बाहेर आली, गुरुजींनी खिटी दाबली. घंटा गप्प. टायपिस्ट घामाघूम झाला.

"चंचल मन," गुरुजी म्हणाले. त्यांनी पेटी आडवी निजवली, तिच्यावरून हात फिरवला. "पेटीलाही पाप चिकटतं. झटकावं लागतं." पेटी उभी करून म्हणाले, "पुन्हा ओव. शांतपणे. दोन उजेडाची, एक अंधाराचं."

या खेपेला घंटा वाजली. टायपिस्टाचा चेहरा असा खुलला, जणू दहावीचा निकाल पुन्हा लागला. मालकांनी ओवली, वाजली. मग ओवणीच्या बायका एकेक करून आल्या. एकीची वाजली, दुसरीची वाजली. सहाव्या बाईच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. आणि सातवी आली माझी मावशी.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला हिनेच वाढवलं. बावीस वर्षं ती ओवणीत आहे. एकदा पॅकिंगमध्ये एक बटण जास्त गेलं म्हणून गिऱ्हाइकाच्या दुकानापर्यंत चालत जाऊन तिने ते परत आणलं होतं. सगळा कारखाना तिला त्यावरून अजून चिडवतो.

तिची माळ आत गेली, बाहेर आली. गुरुजींनी खिटी दाबली. पेटी गप्प.

त्यांनी पुन्हा दाबली. गप्पच.

"पेटी आडवी करा," मावशी हळूच म्हणाली. "मी पुन्हा ओवते."

त्यांनी केली. तिने ओवली. पेटी पुन्हा गप्प राहिली. मालक इतका वेळ तिच्याकडे बघत होते, ते आता जमिनीकडे बघू लागले. "उद्या दहा वाजेपर्यंत विचार करा, मावशी," ते म्हणाले. "साचा आणून दिलात तर मी बोभाटा करणार नाही. नाही तर परवापासून येऊ नका." वाईट वाटून बोलत होते, म्हणून जास्तच राग आला. मी तोंड उघडणार तोच मावशीने माझी बाही धरली आणि मला बाहेर काढलं.

घरी आमची ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग घेऊन बसली होती. ही कॉलेजात शिकवते. विषयाचं नाव ऑटोमेटा, ती म्हणते यंत्रांचं गणित. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मला त्यातलं एवढंच समजलंय की ती फळ्यावर गोल काढते, गोलांना बाणांनी जोडते आणि पोरं नापास होतात. मी तिला नेहमी म्हणतो, तुझ्या गोलांनी आजवर एक नळ तरी दुरुस्त झालाय का? ती म्हणते, नळ दुरुस्त करायला तुम्ही आहात ना.

मावशीने पाण्याचा पेला घेतला आणि तो हातातच ठेवला. मी सगळी हकिकत सांगितली, मधूनमधून गुरुजींना शेलक्या शब्दांत आठवत. मग मावशी जे बोलली, त्याने माझा राग जागच्या जागी थिजला.

"त्याला शिव्या कशाला देतोस? पेटीला माझं काय वैर? सहा जणींची वाजली. माझ्याच मनात कुठेतरी काळं असेल. मला आठवत नाही एवढंच. वय झालं. मीच तो साचा उचलून कुठे ठेवला असेन तर?"

बावीस वर्षांत जी बाई एका बटणाला चुकली नाही, ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली होती. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. हे गेलं तर कुठून आणायचं?

हिने लाल पेन खाली ठेवलं. "मावशी, मला एक सांगा. गुरुजींनी पेटी आडवी कधी कधी केली?"

"माझ्या वेळी. आणि त्या टायपिस्टाच्या वेळी."

"घंटा वाजल्यावर एकदाही नाही?"

"नाही. पाप चिकटल्यावरच."

"म्हणजे वाजल्यावर ती आपोआप सुरुवातीच्या जागी असते, आणि अडकल्यावर सोडवावी लागते," ही म्हणाली. तिच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी सहसा पगाराच्या दिवशीही बघत नाही. "अहो, ही पेटी म्हणजे माझा पहिला धडा आहे. टायपिस्टाने पहिल्यांदा काय ओवलं होतं?"

"मला काय ठाऊक? कसंही. पांढरं, काळं, पांढरं..."

"आणि बाकीच्या बायकांनी?"

हे मात्र मला झोपेतही सांगता आलं असतं. आमच्याकडे शिंप्यांना नमुन्याच्या माळा पाठवतात. दोन पांढरी, एक काळं, दोन पांढरी, एक काळं, अशी बारा. पांढरं बटण हरभऱ्याएवढं, काळं जरा मोठं, वाटाण्याएवढं. ओवणीत आलेल्या बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि मग तिचा हात जन्मभर तेच करतो. घाबरल्यावर तर जास्तच.

"आता तुम्ही ओवा बघू," असं म्हणून हिने मावशीपुढे बटणांचा डबा ठेवला. बटणांच्या कारखान्यातल्या फिटरच्या घरी बटणांना काय तोटा?

मावशीने सुई घेतली. डाव्या हातात. तिने आधी काळं उचललं. मग दोन पांढरी. पुन्हा काळं.

"तुम्ही काळ्यापासून सुरू करता?"

"मी डावखुरी ना," मावशी म्हणाली. "टेबलावर पांढऱ्याचे दोन वाडगे डावीकडे आणि काळ्याचा उजवीकडे. सगळ्या डावीकडून सुरू करतात. मला आडवं येतं, म्हणून मी पलीकडच्या बाजूला बसते आणि माझ्या बाजूने सुरू करते. माळ झाल्यावर काय फरक पडतो? उलटी धरली की सारखीच दिसते."

ही हसायलाच लागली. मावशीला आधी वाईट वाटलं, मग हिने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मावशी, तुमचं मन स्वच्छ आहे. तुमची माळ उलट्या टोकाने आत गेली, एवढंच."

"हे तू पेटी न उघडताच सांगतेस?" मी म्हणालो.

"मी बारा वर्षं तुमचं डोकं न उघडताच सांगतेय ना, आत काय आहे ते?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी आम्ही तिघं कारखान्यात पोचलो. गुरुजी आवारात मालकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, समोर पेटीचं टेबल. हिने मालकांना नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी काल म्हणाले म्हणे, की पेटीची परीक्षा कोणीही घ्यावी. मी घेतली तर चालेल?"

गुरुजी म्हणाले होते खरे. सगळ्यांसमोर म्हणाले होते, त्यामुळे आता नाही म्हणायची सोय नव्हती. "जरूर घ्या," ते म्हणाले. "सोन्याला आगीचं भय कसलं?"

हिने पिशवीतून खडू काढला आणि आवारातल्या फरशीवर तीन मोठे गोल काढले. गोलांमध्ये बाण. बाजूला एक चौथा गोल, त्यात फुली. मला ते बघून इतकं बरं वाटलं, की इतक्या वर्षांची चेष्टा त्या क्षणी मनातल्या मनात परत घेतली. मग तिने गेटवरच्या पहारेकऱ्याला बोलावलं. आमचा पहारेकरी म्हणजे देह मोठा आणि शिट्टी त्याहून मोठी. कारखान्यात त्याला सगळे 'तोफ' म्हणतात.

"तोफदादा, तुम्ही पहिल्या घरात उभे राहा. मी एकेक बटण दाखवीन. पहिल्या घरात असताना पांढरं दिसलं तर दुसऱ्यात या. दुसऱ्यात असताना पांढरं दिसलं तर तिसऱ्यात. तिसऱ्यात असताना काळं दिसलं तर परत पहिल्यात. याशिवाय काहीही दिसलं की फुलीच्या घरात जाऊन गप्प उभं राहायचं, मग कितीही बटणं दाखवली तरी हलायचं नाही. शेवटी पहिल्या घरात असाल तर शिट्टी फुंका."

"मागचं काही लक्षात ठेवायचं का?" तोफने विचारलं.

"अजिबात नाही. आपण कुठल्या घरात आहोत तेवढंच."

"मग जमेल," तोफ म्हणाला. "एवढीच माझी बुद्धी आहे."

बायकांच्या कालच्या सात माळा अजून टेबलावर होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. गुरुजींनीच पुरावा म्हणून ठेवल्या होत्या. ही चिठ्ठी न वाचता एकेक माळ घेई आणि काल पेटीत गेली होती तशीच गाठीच्या टोकाकडून बटणं दाखवत जाई. तोफ धापा टाकत या घरातून त्या घरात उड्या मारत होता. पहिली माळ: शिट्टी. दुसरी: शिट्टी. सहाव्या शिट्टीपर्यंत सगळा कारखाना टाळ्यांचा ताल धरून "पांढरं, पांढरं, काळं" असं ओरडू लागला होता. सातव्या माळेचं पहिलंच बटण काळं निघालं. तोफ बिचारा थेट फुलीत जाऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत गप्प राहिला. चिठ्ठी वाचली. मावशीची.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"तोफदादा," हिने विचारलं, "आमची मावशी चोर आहे का?"

"मला काय माहीत, वहिनी? मला कुठे माहीत होतं माळ कोणाची ते? मी आपला उड्या मारत होतो."

"पेटीही एवढंच करते," ही म्हणाली. "आता परत पहिल्या घरात या. हीच माळ दुसऱ्या टोकाने."

तिने मावशीची माळ उलटी धरली. पांढरं, पांढरं, काळं. तोफने इतक्या जोरात शिट्टी फुंकली की गेटबाहेरची एक गाडी थांबली.

गुरुजी उठून उभे राहिले. आवाज गोडच होता, पण आता जांभई येत नव्हती. "हा पोरखेळ आहे. खडूच्या रेघा आणि दिव्य शक्ती यांची तुलना? पेटी ती पेटी."

"बरोबर," ही म्हणाली. "म्हणून पेटीलाच विचारू." तिने पेटी आधी आडवी करून पुन्हा उभी केली, मावशीची तीच माळ उलट्या टोकाने पेटीत घातली, बाहेर ओढली आणि मालकांना म्हणाली, "खिटी तुम्ही दाबा."

मालकांनी दाबली. घंटा वाजली.

"काल या टोकाने चोर, आज त्या टोकाने साधू. बाई तीच, बटणंही तीच. आता एक शेवटचं. माळ घालूच नका. नुसती खिटी दाबा."

मालकांनी माळ न घालता खिटी दाबली. घंटा पुन्हा वाजली, काल सहाव्या बाईला रडू आणलं तेवढ्याच गोडव्याने.

"हे कोणाचं निर्मळ मन?" ओतकामवाल्यांपैकी एकाने विचारलं आणि हशा पिकला. हशा पिकला तेव्हा गुरुजींचा खेळ संपला.

मी मालकांकडे बघितलं. ते म्हणाले, "उघड." चार स्क्रू होते. आत एक कमान, जी लहान बटणाने थोडी उचलली जायची आणि मोठ्याने जास्त. कमानीला जोडलेलं तीन दातांचं चाक. चुकीच्या दाताशी चुकीचं बटण आलं की एक पकड पडून चाक अडकायचं. चाकाला एकच खाच, तीन घरांपैकी पहिल्यासमोर. चाक तिथे उभं असेल तरच खिटीची दांडी खाचेतून जाऊन घंटेवर आपटे. पेटी आडवी केली की पकड सुटायची आणि स्प्रिंग चाकाला जागेवर आणायची. पाप झटकणं ते हेच. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू. हा माणूस माझ्या हाताखाली आला असता तर मी त्याला मशीनवर ठेवलं असतं, फक्त गिऱ्हाइकांशी बोलू दिलं नसतं.

तळाच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेली आणखी तीन चाकं निघाली. प्रत्येकाला दातांची वेगळी रचना आणि प्रत्येकावर खडूने लिहिलेलं: 'विणकर', 'छापखाना', 'मणीवाले'. मंगळवारी सात कप चहात त्यांनी काय बघितलं होतं ते आता कळलं. आमच्या हातांची सवय बघितली होती, आणि ती ओळखणारं चाक बसवलं होतं. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी दोन उजेडाची आणि एक अंधाराचं होतंच.

"सवयीबाहेर जातो तो नवा किंवा जरा वेगळ्या हाताचा माणूस," ही सगळ्यांना म्हणाली. फळ्यासमोर बोलते तशीच, सावकाश. "पेटी नक्षी ओळखते. नक्षी ओळखणं चांगलं काम आहे, मी तेच शिकवते. पण नक्षीमागच्या माणसाच्या मनाबद्दल तिला काडीचं ज्ञान नाही. तीन घरं आणि एक फुली, यात मन मावत नाही."

"मग साचा कोणी घेतला?" मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"मला माहीत नाही," ही म्हणाली. "पेटीलाही माहीत नव्हतं. मी ते बोलून दाखवते, एवढाच फरक. तुम्ही नीट शोधलंत का?"

मालकांनी कामगारांकडे बघितलं. मग कोणीतरी म्हणालं, "सामानाच्या खोलीतल्या फळ्या बघितल्या होत्या. कपाट हलवायचं होतं, पण गुरुजी आले."

कपाट म्हटल्यावर मी कपाळावर हात मारला. सोमवारी सकाळी मागच्या भिंतीवरच्या पट्ट्याच्या चाकाला तेल घालायला ते कपाट मीच पुढे ओढलं होतं. परत ढकललं तेव्हा भिंतीपासून चार बोटं फट राहिली होती. मला दिसली होती. उद्या बघू म्हणालो होतो.

आम्ही चौघांनी कपाट ओढलं. भिंतीपाशी, धुळीत, वरच्या फळीवरून घरंगळलेला साचा शांतपणे पडला होता.

"मावशी," मी म्हणालो. तिने माझा कान धरला, नऊ वर्षांचा असताना धरायची तसा, सगळ्या कारखान्यासमोर. मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून ती रडली आणि रडता रडता हसली. मालकांनी तिची माफी मागितली. हळू आवाजात मागत होते, तिने मोठ्याने मागायला लावली. मला तिचा फार अभिमान वाटला. या गडबडीत गुरुजी कधी सटकले कोणी बघितलं नाही. पेटी मात्र मागे राहिली.

ती आता ओवणीच्या खोलीत फळीवर असते, झाकण काढलेली. नवी मुलगी कामाला आली की मावशी तिला आधी पेटीसमोर बसवते, माळ आत घालायला लावते, चाक कसं फिरतं ते दाखवते. आमची ही कधी कधी तिच्या विद्यार्थ्यांना घेऊन येते, आणि तोफ त्यांना आवारात उड्या मारून दाखवतो. नळाबद्दल मी आता काही बोलत नाही. चार बोटांची फट दिसली तर उद्यावरही टाकत नाही.

नव्या मुलीला सगळं दाखवून झालं की मावशी डाव्या हाताने सुई तिच्या हातात देते आणि दर वेळी एकच सांगते, "कोणी कितीही गोड बोलून कोणाला चोर म्हणालं, साधू म्हणालं, तरी लगेच मान डोलवायची नाही, बाळ. आधी दुसऱ्या टोकाने ओढून बघायचं."